फिरत्या मॅडम पंधरा दिवसांनी एकदा येतात, मधले दिवस कोणाचे?

काळीमाती | ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावी, पट चारशेच्या आत. तीन वर्षांपासून 'समावेशित शिक्षण', म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गातच शिकवणं, माझ्या गळ्यात आहे. हेडसरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "हे कोण बघणार?" आणि त्या क्षणी मी खाली बघायचं विसरले.

युडायसच्या, म्हणजे शाळेच्या सरकारी माहिती-नोंदीच्या, रकान्यात आमची अशी अकरा मुलं आहेत. अल्पदृष्टी, कमी ऐकू येणारी एक मुलगी, सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) दोघी, बौद्धिक अक्षमता असलेला एक, आणि ज्यांचं अजून काही ठरलंच नाही असे तीन-चार. विशेष शिक्षिका तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येतात, आम्ही त्यांना फिरत्या मॅडम म्हणतो. त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आमची पाळी पंधरा दिवसांनी येते, तीही एसटी वेळेवर असली तर.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगते. आठवीत एक मुलगा अल्पदृष्टीचा. मॅडमनी त्याची जागा ठरवून दिली: पहिला बाक, खिडकीकडे पाठ, कारण समोरून उजेड आला की त्याला फळा नुसता पांढरा दिसतो. आमच्याकडे दर सोमवारी बाक फिरतात. पुढच्या सोमवारी पोरगा तिसऱ्या बाकावर, नेमका खिडकीसमोर. इंग्रजीच्या तासाला तो उठून फळ्याजवळ गेला म्हणून बोलणी खाल्ली. भूमितीत आकृती कोरी ठेवली म्हणून शून्य. पीटीच्या सरांनी त्याला व्हॉलीबॉलमध्ये उभं केलं आणि चेंडू थेट नाकावर आला. मॅडमनी वर्गशिक्षकांना सांगितलं होतं, वर्गशिक्षकांना वाटलं मी सगळ्यांना सांगितलं असेल, मला वाटलं त्यांनी सांगितलं. नाकाला कापूस लावताना मामा, म्हणजे आमचे शिपाई, म्हणाले, "म्याडम, याले दिसत नाई हे मले त पयल्या दिवशीच समजलं, पायरीवर पाय चाचपते ना तो." त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यातून वही निघाली. दोनशे पानी लांब वही, सुतळीने मस्टरच्या टेबलाला बांधलेली. सकाळी सही करायला सगळ्यांना तिथे यावंच लागतं, म्हणून ती जागा. एका मुलाला दोन पानं. डाव्या पानावर 'काय करायचं', चार-पाच ओळी, मॅडमनी आणि मी बसून लिहिलेल्या. उजवं पान मोकळं: कोणाला काय दिसलं, तारीख आणि विषय. पहिला महिना उजवी पानं कोरीच होती. मग भूमितीच्या सरांनी एकदा लिहिलं, 'फळ्यावरचा काटकोन दिसला नाही. त्याच्या तळहातावर बोटाने काढला, समजला.' दुसऱ्या दिवशी त्याखाली मराठीच्या बाईंनी लिहिलं, 'मी फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणते. चालतंय.' मामा लिहीत नाहीत, सांगतात. त्यांचं मी लिहिते.

लिहून घ्यायला ज्यांना वेळ लागतो त्यांच्यासाठी कार्बन. होय, तोच निळा कार्बन पेपर, किराणा दुकानात बिलबुकात असतो तो. शेजारचा मुलगा आपल्या वहीत लिहितो, खाली कार्बन आणि सुटा कागद. तास संपला की प्रत तयार. एका मुलाचे अक्षरशः तीन ओळीत तास जायचे. आता तो तासभर ऐकतो आणि घरी ती प्रत वाचतो. पानाला रुपया-दीड रुपया झेरॉक्स, त्यापेक्षा हे बरं. शिवाय झेरॉक्सवाल्याकडे वीज नसते त्या दिवशीही चालतं.

मोठा फरक मात्र वेळापत्रकाने पडला. आधी फिरत्या मॅडम आल्या की मुलांना प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात न्यायच्या. मुलांचा नेमका माझाच तास बुडायचा, आणि बुडालेलं परत कोण शिकवणार? गेल्या जूनमध्ये हेडसरांच्या मागे लागून आम्ही दोन गोष्टी करून घेतल्या. एक, मॅडम ज्या मंगळवारी येतात त्या दिवशी चौथी तासिका माझी, गणिताच्या सरांची आणि मराठीच्या बाईंची, तिघांची रिकामी. दोन, सकाळी मॅडम वर्गातच शेवटच्या बाकावर बसतात. मुलाला बाहेर नेत नाहीत, फारच गरज असेल तर पंधरा मिनिटं. चौथ्या तासिकेला त्यांनी जे पाहिलं त्यावर बोलतो. चहा होतो, भांडणंही होतात.

सगळं छान चाललंय असं अजिबात नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:

दोन सहकारी वहीला हात लावत नाहीत, त्यांचं काय करावं? वाचन-लेखनात अडकणाऱ्या मुलांची तपासणी आपल्या भागात कशी करून घेता? आणि दहावीच्या परीक्षेत या मुलांना मिळणाऱ्या सवलतींचं तुमच्याकडे कोण बघतं, वर्गशिक्षक की ऑफिस?

---

त्रैराशिक | ३ ऑगस्ट, रात्री १०:०२

मॅडम, रागावू नका, पण त्या 'हात न लावणाऱ्या दोघां'पैकी मी असू शकलो असतो. शाळा तुमची नाही, बुलडाण्याकडची आहे, पण माणूस तोच.

गणित, नववी आणि दहावी. एका वर्गात ६२ पोरं. तास ३५ मिनिटांचा, त्यात हजेरी. बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, ड्यूटी माझ्याकडे, शिष्यवृत्तीचे वर्ग माझ्याकडे. त्यात म्हणायचं, प्रत्येक मुलाप्रमाणे शिकवा. कोणत्या मिनिटात? विशेष शिक्षकाला त्याचं प्रशिक्षण असतं, मला बीएडला या विषयावर एक पेपर होता आणि तो मी गाईड वाचून पास झालो. हे मी लाज न बाळगता सांगतो.

पानावर चार ओळी लिहिल्या तर मी वाचीन. पण 'सहकार्य' म्हणजे आणखी एक रजिस्टर असेल तर नमस्कार.

---

फिरती_ताई | ४ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी वर्धा जिल्ह्यात हेच काम करते, म्हणजे तुमच्या फिरत्या मॅडमसारखंच. आत्ता बसस्टँडवर बसून लिहितेय.

त्रैराशिक सर, तुमचं चूक नाही. पण आमची बाजू ऐका. आम्ही बहुतेक वर्षानुवर्षं करारावर काम केलेले. मानधन कधी येईल त्याचा नेम नसायचा. विशेष बीएड किंवा विशेष डीएड केलेलं, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला माणूस, आणि शाळेत पोचल्यावर पहिला प्रश्न, "तुम्ही कोणत्या कंपनीच्या?" पुस्तकविक्या समजतात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण सांगितलंय: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करा म्हणून पुन्हा सांगितलं. तुमच्या अकरा मुलांच्या हिशोबाने आसपासच्या दोन शाळा मिळून एक पूर्णवेळ माणूस यायला हवा. तो येईल तेव्हा येईल. तोवर मी पंधरा दिवसांत एका मुलाला पाऊण तास देते. त्या पाऊण तासात मी त्याला भूमिती शिकवू शकत नाही. मला भूमिती तितकी येतही नाही! मी एवढंच सांगू शकते की या मुलाला प्रश्न कसा द्यायचा. शिकवायचं तुम्हालाच.

काळीमाती ताई, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं तुम्ही जमवलंत त्याचा मला हेवा वाटला. मला अजूनही जिन्याखालची खोली मिळते. तिथे क्रीडा साहित्य आणि गणपतीचं मखर असतं.

तपासणीबद्दल: आधी 'प्रशस्त' भरा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये काढलेली पडताळणी सूची आहे, मोबाईलवर ॲप आहे. पहिला भाग नेहमीच्या शिक्षकांनी भरायचा, दुसरा आमच्यासारख्यांनी. त्यातून निदान होत नाही, फक्त 'पुढे दाखवा' एवढं समजतं. पहिला भाग एकट्या वर्गशिक्षकांनी भरू नका. दोन-तीन विषयांच्या शिक्षकांनी मिळून भरा. माझ्याकडे एका मुलीबद्दल हिंदीच्या सरांनी 'लक्ष देत नाही' लिहिलं आणि चित्रकलेच्या बाईंनी 'सूचना लगेच कळते, हावभाव बघते' लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला कानाची शंका आली. कानात मळ नव्हता, खरंच ऐकू कमी येत होतं. आठवीपर्यंत कोणालाच कळलं नव्हतं.

गाडी आली. संध्याकाळी बोलते.

---

पुण्याचा_पक्षी | ४ ऑगस्ट, सकाळी ११:१५

मनापासून विचारतोय, अशा मुलांसाठी विशेष शाळा असतात ना? तिथे प्रशिक्षित लोक असतात. ओढाताण कशाला?

---

काळीमाती | ४ ऑगस्ट, दुपारी ४:५०

@पुण्याचा_पक्षी, सगळ्यात जवळची निवासी विशेष शाळा आमच्यापासून एसटीने अडीच तास. काही मुलांना ती लागते, तिथे चांगलंही होतं. पण सिकलसेलच्या मुलीला विशेष शाळा कशाला? तिला पाण्याची बाटली आणि थोडी समज असलेले मास्तर पुरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी सातवरून एकवीस प्रकारांवर नेली, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. आमच्या विदर्भात सिकलसेल घरोघरी भेटतो. बाहेरच्यांना हे माहीत नसतं.

@त्रैराशिक सर, एकच विनंती. शाब्दिक उदाहरण दिलंत की एकदा मोठ्याने वाचा. बाकी काही करू नका.

---

बापूराव_वणीवाले | ४ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी काही मास्तर नाई. कास्तकार आहो. माह्या पोराले वाचता येत नाई म्हणून हा धागा पोरीनं मोबाईलवर दाखवला, तेच लिहून रायली, मी सांगून रायलो.

पोरगं नववीत. हिशोबाले पक्कं. कापसाचा काटा झाला का क्विंटल-किलोचा हिशोब माह्या आधी सांगते. पण पुस्तक घेतलं का घाम फुटते त्याले. सहावीपासून मास्तर मले बोलावून म्हणत, "भाऊ, पोरगा आळशी आहे, घरी लक्ष द्या." मी काय लक्ष देऊ? मीच चौथी नापास. मारलं त्याले. हे आता सांगाले बरं नाई वाटत, पण मारलं.

मंग नवीन बाई आल्या, त्या म्हणे तपासणी करा. गेलो. एक डाव मशीन बंद, एक डाव डॉक्टर रजेवर, एक डाव म्हणे हा वार नाई, बुधवारी या. तीन खेपा. वेचणीच्या दिवसात तीन दिवस म्हणजे किती मजुरी ते समजून घ्या. शाळेतून एक फोन केला असता आधी त वार त समजला असता.

मले एवढंच विचाराचं आहे, शाळेनं बापाले बोलावते ते नुसतं बोलणी ऐकवालेच काऊन?

---

त्रैराशिक | ४ ऑगस्ट, रात्री ८:५५

बापूराव भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मीही तसेच बाप बोलावलेत.

---

जोडतास | ४ ऑगस्ट, रात्री ११:४८

मूळची अमरावतीची, सहा वर्षांपासून अमेरिकेत, एका सरकारी हायस्कुलात विशेष शिक्षण विभागात सहायक आहे. इथलं सांगते. तिथे जसंच्या तसं चालेल म्हणून सांगत नाही, फक्त तुमच्या वहीची लांबची बहीण इथे आहे म्हणून.

इथे १९७५ पासून कायदा आहे, १९९० पासून त्याचं नाव 'आयडिया'. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा, आयईपी. तो ठरवणाऱ्या बैठकीत आईवडील, मूल नेहमीच्या वर्गात असेल तर तिथला किमान एक शिक्षक, विशेष शिक्षक आणि तिथल्या शाळा-प्रशासनाचा अधिकार असलेला माणूस असावाच लागतो. वर्षातून किमान एकदा बैठक, साधारणपणे तीन वर्षांतून एकदा नव्याने तपासणी. सोळाव्या वर्षापासून पुढे काय करणार याचा आराखडाही त्यातच, आणि त्या बैठकीला मुलाला बोलावतात. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा चाट पडले: सोळा वर्षांचा मुलगा मास्तरांच्या समोर बसून सांगतोय, मला वाहनदुरुस्ती शिकायची आहे, मला मोठ्या हॉलमधली परीक्षा नको.

काळीमाती ताई, तुमचं डावं पान आमच्याकडे 'एका नजरेत आयईपी' म्हणून असतं. मूळ आराखडा बऱ्याचदा वीस-पंचवीस पानी, तो कोणी वाचत नाही. पण त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला त्याच्यापुरती जबाबदारी काय आणि कोणती सवलत द्यायची हे कळवणं नियमातच आहे. म्हणून प्रत्येक मुलाचा एक 'केस मॅनेजर' असतो, विभागातलाच एक विशेष शिक्षक. जिमच्या कोचपासून ग्रंथपालापर्यंत कोणाला काय सांगायचं ते तो बघतो. गणिताचा मास्तर विसरला तर त्याला जाऊन आठवण करून देणं हेही त्याचंच काम.

आणि जोडीने शिकवणं. वर्गात दोन शिक्षक, एक विषयाचा, एक विशेष. बरं चालतं तेव्हा बाहेरून कळत नाही कोण कोणता. वाईट चालतं तेव्हा विशेष शिक्षक मागे उभा राहून पेन्सिली वाटतो. हे मी जास्त वेळा पाहिलंय. चांगलं चालणाऱ्या जोड्यांना एकत्र रिकामा तास मिळतो, बाकीच्यांना नाही. तुमची चौथी तासिका सोडू नका, हेडसर बदलले तरी.

कागदपत्रं इथे इतकी की चांगले शिक्षक कंटाळून सोडून जातात. ते मात्र आयात करू नका.

---

सावलीतला | ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

वहीचं कौतुक चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो.

मी अल्पदृष्टीचा. चंद्रपूर जिल्ह्यात शिकलो, आता नोकरी करतो. नववीत असताना आमच्या सरांनी भर वर्गात जाहीर केलं, "याचा पेपर मोठ्या अक्षरात येईल, कोणी हसायचं नाही." त्याआधी कोणी हसत नव्हतं. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत माझं नाव 'झेरॉक्स'. गावात अजून एक-दोघं तेच म्हणतात.

मस्टरच्या टेबलावर उघडी वही म्हणजे तिथे क्लार्क येतो, पालक येतात, दहावीची पोरं डस्टर न्यायला येतात. कोणाला कोणता आजार ते वाचणार. तुमच्या त्या सिकलसेलच्या मुली. त्यांच्या आईला विचारलंत का?

---

काळीमाती | ५ ऑगस्ट, रात्री ९:३५

@सावलीतला, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि पाचवा तास नीट घेतला नाही.

नाही, विचारलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर त्यातल्या एकीच्या घरी गेले. आई वेचणीच्या-खुरपणीच्या कामाला जाते. तिने आधी चहा ठेवला, मग दार लोटून घेतलं आणि मग बोलली. तिचं म्हणणं असं: "म्याडम, शाळेत लिहिलं ते गावात येते. गावात आलं का उद्या पोरीचं लग्न. तुमाले समजत असंन तं पाहा." मुलगी दुसऱ्या खोलीत होती, तिलाही ऐकू येत होतं. मी विचारलं, मग कोणाला सांगू? तिने बोटं मोजली. तुम्ही. खेळाचे सर. शिपाई मामा. बस.

खेळाचे सर का, तेही तिनेच सांगितलं. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या कवायतीला पोरगी थंडीत उभी राहिली, नंतर दोन फेऱ्या धावली आणि रात्री हातपाय इतके दुखले की दवाखान्यात न्यावं लागलं. थंडी, तहान, दमछाक, तिन्हीने सिकलसेलच्या दुखण्याचा झटका येऊ शकतो. मामा का, तर टाकीचं पाणी संपलं की तेच आणतात.

उद्या वही बदलते. डाव्या पानावर आजाराचं नावच नाही, मुलाचं नाव नाही, फक्त हजेरी क्रमांक आणि कृती. 'धावणं नाही. पाणी कधीही. अंग, छाती, पोट दुखतं म्हणाली तर वाट बघायची नाही, घरी फोन आणि लगेच दवाखाना.' प्रमाणपत्रं हेडसरांच्या कपाटात. वही टेबलावरून माझ्या लॉकरमध्ये नेऊ का, यावर विचार करतेय. लॉकरमध्ये गेली की ती फक्त माझी होईल, ही भीती आहे.

---

जोडतास | ५ ऑगस्ट, रात्री ११:१०

इथे माहितीच्या गुप्ततेचा कायदा १९७४ चा आहे. ज्याला कामासाठी लागते त्यालाच ती माहिती. तुमच्या त्या आईने बोटांवर तेच मोजलं.

---

फिरती_ताई | ६ ऑगस्ट, रात्री ८:१५

वहीऐवजी सुटी कार्डं करा ताई. ज्याला जो वर्ग, त्याला त्या वर्गाची कार्डं, त्याच्या शिकवण्याच्या डायरीच्या खिशात. उजव्या पानाचं, म्हणजे काय दिसलं त्याचं, चौथ्या तासिकेला तोंडी बोलून तुम्ही एकत्र लिहा. थोडं काम वाढेल तुमचं, इलाज नाही.

बापूराव दादा, तुमच्यासाठी: दिव्यांग प्रमाणपत्राची नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर करायची, शाळेतून होते, नाहीतर सेतूत. तपासणीचा वार आधी फोनवर विचारायचा. तो फोन शाळेने करायला हवा, तुमचं बरोबर आहे. आणि तपासणीला जाताना पोराच्या दोन-तीन जुन्या वह्या न्या. गणिताची एक, मराठीची एक. तपासणाऱ्याला त्यावरून पुष्कळ कळतं.

---

निवृत्त_हेडमास्तर | ७ ऑगस्ट, दुपारी १२:३०

दहावीच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकोणतीस वर्षे शाळेत काढली, शेवटची नऊ खुर्चीवर.

हे ऑफिसवर सोडू नका. क्लार्क कागद पाठवतो, पण मुलाला काय हवं ते त्याला माहीत नसतं. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो; यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलडाणा, अमरावतीला अमरावती मंडळ, बाकी पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांना नागपूर. माझ्याकडे एकदा मुलीला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते लिहिणारा, मंजूर होता, लेखनिक खालच्या वर्गातला लागतो तो नियमही पाळला होता. पेपरच्या दिवशी सकाळी लेखनिक पोरगीला ताप. दुसरी मुलगी तयार नव्हती. केंद्रावर धावपळ, पहिली वीस मिनिटं गेली. मुलगी रडत नव्हती, माझाच हात थरथरत होता. त्यानंतर मी नियमच केला: लेखनिक दोन, आणि दोघांनीही सहामाहीपासून त्या मुलीबरोबर बसायचं. लिहिणाऱ्याला तिच्या बोलण्याची सवय लागते. सांगणारीलाही 'आता स्वल्पविराम, आता नवी ओळ' म्हणायची सवय लागावी लागते. ही सवय भाषेच्या शिक्षकानेच लावायची, दुसऱ्या कोणाच्या आवाक्यातलं नाही.

जादा वेळ तासाला वीस मिनिटे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. तो तास कसा वापरायचा हे घटक चाचणीपासून शिकवलं नाही तर मूल पहिल्या तीन तासांत थकतं आणि चौथा तास खिडकीबाहेर बघतं. त्यामुळे सवलत बोर्डाची असली तरी ती सुरू होते शाळेच्या पहिल्या चाचणीपासून. आणि चाचणीला जादा वेळ द्यायचा म्हणजे पुढच्या तासाच्या शिक्षकाने वीस मिनिटं सोडायला हवीत. तिथे सगळं अडतं.

---

त्रैराशिक | २९ ऑगस्ट, रात्री ९:४०

तीन आठवडे झाले, मोठ्याने वाचतोय. खरं सांगायचं तर रोज चार-पाच मिनिटं जातात आणि पोर्शन मागे पडलाय. पण एक झालं. 'एका व्यापाऱ्याने' म्हणून वाचलं आणि सहा-सात पोरांनी लगेच हात वर केला. ही पोरं कोणाच्याच यादीत नाहीत. म्हणजे ती आजवर उदाहरण वाचतच नव्हती, शेजाऱ्याची आकडेमोड उतरवत होती. नऊ वर्षं शिकवतोय, मला आत्ता कळलं.

पोर्शनचं काय करू हे मात्र कोणी सांगितलेलं नाही अजून. आणि हो, मी रजिस्टर ठेवलेलं नाही.

---

बापूराव_वणीवाले | १९ ऑक्टोबर, रात्री ८:०५

पोरीच्या हातानं लिहून रायलो. तपासणी झाली. कागद यायचा आहे. मास्तरीनबाईनं घरी फोन केला होता आधी, वार सांगाले. वह्या नेल्या होत्या, डॉक्टरीन बाई वही पाहून म्हणे हे मी ठेवून घेऊ का. नाई म्हटलं, त्याले अभ्यास आहे.

आता आमच्याकडं वेचणी चालू आहे. काळीमाती म्याडम, तुमी त्या कार्बनचं लिहिलं होतं तसं चालू केलं शाळेत. एक विचाराचं होतं. माह्या पोराची ओळ सुटते वाचताना, वरची ओळ खाली, खालची वर. बाई म्हणे काळ्या पुठ्ठ्यात फट पाडून त्यातून वाचते पोरं. ते कसं बनवाचं?

---

काळीमाती | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बापूराव दादा, सोपं आहे. जाड पुठ्ठा घ्या, जुनी लग्नपत्रिका चालते, पण चकचकीत नको, उजेड मारते. पाटीला लावतो तो काळा रंग किंवा साधी काळी शाई दोन्ही बाजूंनी लावा आणि वाळू द्या. पुस्तकाच्या ओळीइतकी लांब फट, उंची एक ओळ आणि वर थोडी जागा, साधारण एक सेंटीमीटर. ब्लेडने कापा, कात्रीने कडा वाकड्या होतात. सुरुवातीला दोन ओळी दिसतील एवढी ठेवा, एकाच ओळीची फट काही मुलांना गुदमरल्यासारखी वाटते. आमच्या आठवीच्या पोराने, आता दहावीत आहे तो, तीन वेगवेगळ्या केल्यात. इतिहासाच्या पुस्तकाची वेगळी, कारण त्यातली अक्षरं बारीक.

आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोट धरायला थोडी जागा बिनरंगाची सोडा, नाहीतर हाताच्या घामाने रंग सुटतो.